दोन खटके

वैशाखातल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेचार वाजता, अकोल्याबाहेरच्या एका लॉनवर माझा भाऊ विजय मेला. तिथे लग्न होतं. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. माझ्या गळ्यातही कॅमेरा होता.

त्याला वर्ष झालं. अमरावतीत पुन्हा लग्नसराई सुरू झाली आहे. मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो, तिथल्या मागच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. उन्हाळी सुट्टीत इथे माझ्याशिवाय कोणी येत नाही. खिडकीला वाळ्याच्या ताट्या आहेत. त्यांवर पाणी मारलं की दहा मिनिटं बरी जातात. मग रस्त्यावरून वरात येते. ती आधी जमिनीला कळते, नंतर कानाला. डीजेचा ठोका टेबलाच्या लाकडातून कोपरात शिरतो, तिथून बरगडीत, आणि काचेच्या कपाटातली पुस्तकं एकमेकांना धडका देऊ लागतात. मी पेन खाली ठेवतो आणि वरात पुढे जाईपर्यंत दोन्ही हात टेबलावर दाबून बसतो.

वऱ्हाडातला वैशाख मारतो. हे आम्ही अलंकार म्हणून बोलत नाही. ‘त्याले ऊन लागलं’ असं सकाळी कळतं आणि संध्याकाळी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून मोक्षधामाकडे निघालेली असतात. नळाची तोटी चटका देते, दाराची कडी चटका देते. डांबर चपलेचा अंगठा उपटून घेतं. भर दुपारी उडतं कबुतर दगडासारखं गच्चीवर पडतं. आणि नेमक्या याच दिवसांत, खिशात कांदा घालून, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून आम्ही लग्नं लावतो. घोडीच्या तोंडाला फेस येतो तरी तिला चाबूक बसतो. फटाक्यांची माळ बँडवाल्याच्या पायाशी सोडतात. अक्षता टाकत नाहीत, नेम धरून फेकतात. कुणाच्या डोळ्यात गेल्या तर दुप्पट हसतात. पंगतीत एखादा रुसलेला पाहुणा वरणाची वाटी वाढप्याच्या अंगावर भिरकावतो आणि त्याची समजूत काढायला चारजण धावतात, भाजलेल्या वाढप्याकडे कोणी बघत नाही. फोटोसुद्धा आमच्याकडे काढत नाहीत, मारतात. ‘मार न भाऊ एक फोटू.’ ‘आजीचा मारला का?’ ‘दोन-चार मारून ठेव, कामात येतीन.’ माझं निम्मं आयुष्य हे शब्द ऐकण्यात गेलं. गेल्या वैशाखापासून ते कानावर पडले की मी उठून दुसरीकडे जातो.

विजू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. अकोल्याला जठारपेठेत त्याचा स्टुडिओ. गेल्या वर्षी ऐन सराईत त्याचा दुसरा कॅमेरा धरणारा माणूस पुण्याला नोकरीला निघून गेला, आणि विजूचा मला फोन आला.

“दादा, कालेजले सुट्ट्या हाय न तुह्या? पुस्तकायवरची धूळ पुसून राहिला असशीन. ये इकडं. गळ्यात कॅमेरा देतो.”

मी गेलो. पन्नाशीच्या उंबऱ्यावर, लहानपणानंतर प्रथमच, एक अख्खा मोसम मी भावाबरोबर राहिलो. वीस-बावीस लग्नं आम्ही दोघांनी केली. मला त्या दिवसांतलं सगळं आठवतं. त्याच्या मोटरसायकलचं तापलेलं सीट. उसाच्या रसात तो पिळून घ्यायचा तो अर्धा लिंबू. कपाळावरून भुवईत, भुवईतून कॅमेऱ्याच्या काचेवर उतरणारा घाम, आणि तो पुसायला त्याच्या खिशात कायम असलेला, मंदाच्या जुन्या सुती साडीचा तुकडा.

मंदा त्याची बायको. स्टुडिओच्या आतल्या खोलीत संगणकावर ती अल्बम लावायची. विजूनं मारलेला फोटो तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नसे.

कॅमेऱ्याबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक येतं. विजूनं ते प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरही काढलं नव्हतं. मी त्याला खाकी कव्हर घातलं आणि पेन्सिलीनं खुणा करत पहिल्या पानापासून वाचलं. ते बघून विजूला हसू आवरेना. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते, तिच्यावर अक्षरं असतात. विजूनं मला त्यांचे अर्थ सांगितले ते पुस्तकात नव्हते.

“पी म्हंजे पांडुरंग. सगळं त्याच्यावर सोडाचं, आपण टाळ वाजवाचे. एस म्हंजे सुसाट. घोडी उधळली, पोरं नाचून राहिले, तवा लावाचं. ए म्हंजे अर्धं. अर्धं तुह्यं, अर्धं कॅमेऱ्याचं.”

“आणि एम?”

“एम म्हंजे माणूस.”

“मग हे हिरवं चौकोनी?”

“थे जावयासाठी. जावयानं काई कराचं नसते, निस्तं बसाचं असते.”

“ऐकून राहिली मी!” मंदा आतून ओरडली.

विजू ‘एम’वर काम करायचा, म्हणजे सगळं हातानं. रिळाच्या काळात तो करीमचाचांकडे शिकला होता. चाचांनी त्याला उजेड मोजायचं यंत्र कधी दिलं नाही. ते आपला तळहात उन्हात धरत, सावलीत धरत आणि आकडा सांगत. “हथेली देख, बेटा. आसमान के भरोसे मत रह.” चाचा गेले, रिळं गेली, तरी विजू मांडवात शिरताना आधी तळहात पुढे करायचाच. अनोळखी लोकांना वाटे, हा काही मागतो आहे.

मला ‘ए’ पटलं. त्यात भिंगाचं भोक किती मोठं ठेवायचं हे आपण सांगायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅमेरा ठरवतो. पुस्तकात म्हटलं होतं की तो समोरच्या दृश्याचे कितीतरी तुकडे करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजतो, चेहरे ओळखतो. माझा छापलेल्या अक्षरावर विश्वास आहे. पोटापाण्याचा धंदाच तो.

पण त्याच पुस्तकात, कोपऱ्यातल्या एका टिपेत, एक गोष्ट कबूल केलेली होती. कॅमेरा असं धरून चालतो की जग सरासरीनं मधलं राखाडी आहे. आमचं काळं रान दाखवा, तो घाबरतो, फार अंधार झाला म्हणतो, आणि उजेड ओतून रानाची राख करतो. जिनिंगमधला कापसाचा ढीग दाखवा, तो म्हणतो फार उजेड झाला, आणि कापूस मळवून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं सेमाडोहच्या जंगलात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला बांबूत रानगवा उभा होता, ओल्या कोळशासारखा काळा. माझ्या साध्या कॅमेऱ्यात तो आला धुळकट करडा. विजूनं कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, “दादा, हे गाढव कुठी दिसलं तुले?”

अशा वेळेसाठी अंगठ्याखाली एक चाक असतं, अधिक-उण्याचं. कॅमेऱ्यानं ठरवलेल्या उजेडावर माणसानं केलेली दुरुस्ती. विजूनं ते असं लावून घेतलं होतं की एका खटक्याला उजेड दुप्पट किंवा निम्मा व्हावा. काळ्या वस्तूला दोन खटके मागे. समोरच्या माणसाच्या पाठीमागे उजेड असला की दोन खटके पुढे. डीजेच्या दणक्यात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून मांडवाच्या त्या टोकावरून तो मला बोटांनी सांगायचा. मूठ म्हणजे थांब. एक बोट म्हणजे जवळ जा. दोन बोटं म्हणजे दोन खटके पुढे.

त्या मंगळवारी सकाळी आमचा खटका उडाला. लॉनवर पोचलो तेव्हा विजूनं तळहात धरला, पश्चिमेकडची मोकळी बाजू बघितली आणि म्हणाला, “लग्न लांबलं तं दुपारी इकडून ऊन घुसते. तुह्यं तोंड त्या उजेडाकडं राहीन. दोन खटके ध्यानात ठेव.”

मी म्हटलं, “गरज नाही. हा कॅमेरा चेहरे ओळखतो. पुस्तकात दिलंय.”

“ओळखते? मंग त्याले नवरदेवाचं नाव विचार.”

आजूबाजूची दोन-चार माणसं हसली. त्यात हसण्यासारखं होतंच. पण मला ते लागलं. मी म्हटलं की तुझा हा तळहाताचा तमाशा आता पुरे, जग पुढे गेलं. हे मी चारचौघांत म्हटलं. घामानं भिजलेला तो साडीचा तुकडा विजूनं पिळला आणि खिशात कोंबला.

लग्न लांबलं. वरात तीन तास नाचली. अकराचा मुहूर्त अडीचला लागला. उपाशी, तापलेली, काही प्यालेली माणसं मांडवात कोंबली गेली. होम पेटला तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट आत आलं होतं आणि मांडवाचं पांढरं कापड भट्टीच्या तोंडासारखं जळत होतं. मी त्या उजेडाकडे तोंड करून उभा होतो. विजू माझ्यासमोर, होमाच्या पलीकडे.

आमच्याकडे होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, एवढाच त्याचा अर्थ. थट्टेचा विधी आहे. कान पिळणाऱ्याला नवरदेवाकडून कपडे मिळतात. तेव्हा नवरदेवाचे दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून त्याची कट्यार मावसभावाकडे होती. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं. बहुतेक ठिकाणी ती नावापुरती, बोथट असते. ही त्यांच्या घरातली जुनी होती आणि तिला धार होती. त्या लिंबाखाली काय आहे याचा विचार मी वीस-बावीस लग्नांत एकदाही केला नव्हता.

नवरीच्या भावानं कान पिळला. मी फोटो मारला. पडद्यावर बघितलं. मांडवाचं कापड सुरेख आलं होतं, धुराची रेघ न् रेघ आली होती, आणि माणसं सगळी काळी. तवा पालथा घातल्यासारखे चेहरे. माझा अंगठा चाकावर होता. चाक मी तरीही फिरवलं नाही. मी ओरडलो, “परत एकदा! जोरात!”

नवरीच्या भावानं कॅमेऱ्याकडे बघून हसत पुन्हा कान धरला आणि जोरात पिळला. नवरदेवाचं डोकं हिसक्यासरशी खाली आलं. त्याचा फेटा सुटला आणि होमात पडला. तुपात भिजलेल्या समिधांवर जरीचं कापड, ते भक्कन पेटलं. मग मावसभावानं नवरीच्या भावाच्या तोंडावर लाथ घातली.

लोखंडी खुर्च्या उडाल्या. कोणीतरी समईच उचलून फिरवली. बायका नवरीला ओढत होत्या, तिच्या मुंडावळ्या कुणाच्या तरी बोटांत तुटून आल्या. जळक्या कापडाचा, तुपाचा आणि रक्ताचा वास एकत्र आला; त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. मावसभाव नवरीच्या भावाच्या छातीवर बसला होता आणि किंचाळत होता, “कोण म्हणे जोरात? कोण म्हणे बे?”

मी दहा पावलांवर होतो. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

विजू होमावरून उडी टाकून मध्ये आला. “अरे बाप्पा, सोड त्याले! मी म्हटलं होतं. फोटूसाठी म्हटलं. मले बोल काय बोलाचं थे.”

मावसभाव उठला आणि वळला.

माझं बोट बटणावर दाबलेलं होतं. कॅमेरा एकामागून एक फोटो मारत गेला, अकरा फोटो, हे मला नंतर कळलं. उजेड भरपूर होता म्हणून कॅमेऱ्यानं पडदा निमिषापेक्षाही कमी वेळ उघडला, आणि त्यामुळे काहीही हललेलं नाही. एका फोटोत लिंबू हवेत आहे. हाताची प्रत्येक शीर, कट्यारीची कड, तिच्या टोकावरून सुटलेला थेंब, सगळं सुईच्या अग्रासारखं. चेहरे मात्र काळे, मारणाऱ्याचा आणि मरणाऱ्याचा सारखाच.

कोणी मारलं हा प्रश्न कधीच नव्हता. चारशे माणसांनी बघितलं होतं. तो तिथेच धरला गेला, तुरुंगात आहे. लोकांपुढे प्रश्न एकच उरला, की पेटवलं कोणी? त्याचं उत्तर विजूनं स्वतःच देऊन ठेवलं होतं. घरी बसायला आलेली माणसं चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता बोलून जात. “पण काहून सांगाव त्यानं जोरात पिळ म्हणून? फोटूवाल्यानं फोटू माराव, भांडणं लावू नाई.” मंदा समोर बसलेली असे. मीही समोर बसलेला असे. जबाब घेताना पोलिसांनी मला विचारलं, परत पिळ असं कोण म्हणालं? मी म्हणालो, “मी म्हटलं होतं, असं विजय म्हणाला.” त्यांनी ‘विजय म्हणाला’ असं लिहून घेतलं. मी खाली सही केली. आयुष्यभर शिकलेलं व्याकरण मी त्या एका वाक्यात वापरून टाकलं.

मला लोक शांत माणूस समजतात. या वर्षभरात मी त्या मावसभावाला मनात अनेकदा मारलं आहे. कट्यारीनं मारलं आहे, खुर्चीनं, ग्रंथालयातल्या लोखंडी शिडीनं. पुस्तकांवर शिक्के मारता मारता मारलं आहे, इतक्या जोरात की शिक्का पानातून उमटून मागच्या पानावर गेला. प्रत्येक वेळी मारून झालं की आवाज येतो, परत एकदा, जोरात. तो आवाज त्याचा नसतो.

कॅमेरे पोलिसांकडे होते, ते गेल्या महिन्यात परत मिळाले. माझ्या साक्षीची तारीख लागली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी अकोल्याला गेलो. स्टुडिओ मंदा चालवते. कूलरसमोर बसून ती पासपोर्टचे फोटो कापत होती.

“या दादा. पाणी घ्या पहिले. तोंड पहा कसं लाल झालं उन्हानं.”

मी पाणी प्यालो आणि उभ्यानंच म्हणालो, “मंदा, परत एकदा, जोरात, हे मी म्हटलं होतं. विजूनं नाही.”

तिनं हातातला फोटो कापून पुरा केला. चारही कडा नीट बघितल्या.

“मले माहीत हाय,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“सांगाले कोण पाह्यजे? पोलिसायनं दोन्ही कार्डं इथंच लावली होती, फोटू उतरवाले. मीच बसली होती संगणकावर. त्यायच्या कार्डात पयलाच फोटू काचेसारखा हाय. कान धरलेला, सगळे हासून राहिले. ज्याचा पयलाच फोटू असा आला थो काहून म्हणन परत एकदा?”

“मग वर्षभर बोलली का नाहीस?”

“मी काहून बोलू, दादा? लोकं त्यायले भांडणवाला म्हणत होते, मी ऐकत होती. तुमीबी ऐकत होते. शब्द तुमचा होता. म्या वाट पाहिली.”

मग तिनं संगणक लावला आणि माझा तो पहिला, काळा फोटो उघडला. वर्षभर मी तो पुन्हा बघितला नव्हता. पेटलेलं पांढरं कापड, आणि त्यावर काळी माणसं. तिनं होमाच्या पलीकडची एक आकृती मोठी केली. उजव्या हातानं डोळ्याला लावलेला कॅमेरा. डावा हात वर. त्या हाताची दोन बोटं.

“हे दिसली होती तुमाले? तवा?”

कूलरमधून पाणी ठिबकत होतं. बाहेरून कोणीतरी दार ढकलून विचारलं, फोटो लगेच मिळतीन का. मंदानं मान न वळवता त्याला थांबायला सांगितलं.

“हो,” मी म्हणालो. “दिसली होती.”

“मंग?”

“सकाळचा राग होता.”

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फोटो बंद केला, कात्री उचलली, आणि बाहेरच्या माणसाला म्हणाली, “या भाऊ, आत या. चष्मा काढून बसा.” मी दारापर्यंत गेलो तेव्हा पाठमोरी म्हणाली, “कोर्टात हेच सांगा. दोन बोटायचंबी सांगा.”

साक्ष पुढच्या आठवड्यात आहे. मंदा त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. कॅमेरा या टेबलावर आहे, चकती ‘ए’वर आहे, आणि चाक शून्यावर आहे, मी ठेवलं होतं तिथे.